ठिपक्यांतला मोटरमन

५ जानेवारी, रविवार

माझ्या पीएच.डी.च्या गाईड शुभा मॅडम म्हणाल्या, "संशोधन करणाऱ्याने रोजनिशी लिहावी. पुढे स्वतःची फसवणूक करायची झाली तर अडचण होते." म्हणून सुरुवात.

आज आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा भांडुपचा हॉल सकाळपासून माझ्या ताब्यात होता. या हॉलमध्ये आजवर बारशी, साखरपुडे आणि अध्यक्षपदावरून भांडणं झाली. संशोधन पहिल्यांदाच. मी एका टेबलाशी ठिपक्यांचं पुस्तक घेऊन बसले होते. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचा गोल असतो आणि त्यात वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला आकडा. रंग नीट दिसणाऱ्याला आकडा दिसतो, रंगांधळ्याला नुसते ठिपके.

हा दोष आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात, ती फक्त तो जीन बाळगून असते. तिच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. कोणती बाई तो बाळगून आहे हे तिच्याकडे बघून कळत नाही. तिचे भाऊ, तिचे मुलगे यांच्यावरून अंदाज बांधायचा आणि नवा पुरावा आला की तो सुधारायचा. ही बेझ नावाच्या गणितज्ञाची रीत. माझी सगळी पीएच.डी. एवढ्यावर उभी आहे.

घरात मी पहिली पदवीधर. अण्णा लोकांना सांगतात, "मुलगी डॉक्टर होतेय." परिणामी आज तीन काकूंनी ठिपके बघितल्यावर मला गुडघे दाखवले.

मिहिर मदतीला आला होता. तो माझ्याबरोबर मॅडमकडेच शिकतो. राहायला घाटकोपरला, पण त्याचं भांडुपला काहीतरी काम होतं म्हणे. दिवसभर हॉलमध्येच होता, काम केव्हा केलं कोण जाणे.

संध्याकाळी घरी पेढे! सिद्धेश, माझा धाकटा भाऊ, रेल्वेची असिस्टंट लोको पायलटची परीक्षा पास झाला. आयटीआय करून तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागला होता, दोन वर्षं कामावरून आल्यावर अभ्यास करत होता. आता फक्त मेडिकल राहिलं, अकरा फेब्रुवारीला. अण्णांनी पूर्ण गल्लीत पेढे वाटले. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोसायटीच्या गेटवर ड्युटी केली. आता समोरचे काका त्यांना "मोटरमनचे वडील" म्हणून हाक मारतात आणि अण्णा पहिल्या हाकेला मुद्दाम ओ देत नाहीत, म्हणजे दुसऱ्यांदा मारावी लागते.

सिद्धेश मात्र गप्प होता. आनंदाने माणूस गप्प होतो, हे आज प्रत्यक्ष पाहिलं.


८ जानेवारी, बुधवार

मॅडमची शिस्त कडक आहे. नावं त्यांच्या कपाटात कुलपात, आमच्या हातात फक्त आकडे. भांडुपच्या मंडळातली माणसं "भां", आमच्या शेजारच्या गावाचं मंडळ दहिसरला आहे, तिथे मिहिर तपासणी करतोय, ती माणसं "द". तिथे कोणाकोणाची तपासणी झाली, मला माहीत नाही. भांडुपचे बरेचसे माहीत आहेत, कारण ते माझेच काका-मामे आहेत. आई भां-१७.

"घरच्या माणसांना तू तपासायचं नाहीस," मॅडम म्हणाल्या. "मिहिर तपासेल."

"मी पक्षपात करणार नाही, मॅडम."

"करणार नाहीस गं. होईल."

मॅडमच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही, पण कधी कधी त्या फार जुन्या वळणाचं बोलतात.

संध्याकाळी सिद्धेशने टोमॅटो आणले, अर्धे हिरवेगार. आई त्याला रागावली नाही. तिने ते फडताळात पिकायला ठेवले आणि स्वतः खाली जाऊन दुसरे घेऊन आली. लाडाने मुलं अशी बेपर्वा होतात.


१० जानेवारी, शुक्रवार

आज मनापासून बरं वाटलं. सिद्धेशने पहिल्यांदा माझ्या कामात रस घेतला!

"ताई, ते ठिपक्यांचं पुस्तक दे ना दोन दिवस. मेडिकलला पण तसलंच असतं म्हणे."

"दोन दिवस काय करणार? दोन मिनिटांचं काम आहे."

"समजून घेतो गं. तू एवढं शिकतेस, मला काय कळायला नको?"

मी दिलं. कंदिलासारखा मोबाईलचा दिवा धरून तो पानं उलटत बसला होता. शिक्षण एका माणसाकडून घरभर पसरतं ते असं.


१२ जानेवारी, रविवार

सिद्धेश रविवारी कधीच मोकळा नसतो, मिहिरला सापडत नाही. म्हणून शेवटी मीच घरी त्याची तपासणी केली. मॅडमना नंतर सांगेन. पूर्ण पुस्तकात एकही चूक नाही, आणि वेग काय! मी पान उलटायच्या आत आकडा तयार. "बारा, आठ, एकोणतीस, पाच..." आजवर एवढ्या लोकांना तपासलं, असा तल्लख कोणी नाही. भां-१८, दृष्टी उत्तम, अशी वेळेसकट नोंद केली.

"पास?" त्याने विचारलं.

"पहिल्या नंबरात!"

तो हसला आणि गच्चीवर निघून गेला.


१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सिद्धेश आईने काढून ठेवलेला काळा शर्ट शोधत होता आणि गडद हिरवा शर्ट घालून बाहेर आला. आई म्हणाली, "हा नको, तो घाल," आणि कपाटातून दुसरा दिला. चोवीस वर्षांच्या घोड्याचे कपडे अजून आई काढून ठेवते. मी बोलले, तर मलाच म्हणाली, "तू गप, तुझा तिळगूळ खा."

मिहिर तिळगूळ द्यायला आला. भांडुपला काम होतं.


२० जानेवारी, सोमवार

वाट लागली आहे.

भांडुपचा निकाल वेडावाकडा येतोय. रंगांधळी मुलं आहेत, पण त्यांच्या आयांच्या माहेरी कोणी रंगांधळं असल्याची नोंदच नाही. माझं गणित म्हणतंय की हा जीन भांडुपमध्ये आकाशातून पडतो. उलट दहिसरमध्ये रंगांधळ्या पुरुषांच्या बहिणी भरपूर, पण त्यांच्यापुढे "लग्न होऊन गेली" एवढंच. मुलंबाळं माहीत नाहीत. उदाहरणार्थ द-४१. दोन भाऊ रंगांधळे, म्हणजे तिने जीन बाळगण्याची शक्यता निम्मी. तिच्या मुलाची, असलाच तर, पाव. पण बाई गेली कुठे?

पुढच्या शुक्रवारी, एकतीसला, समितीसमोर माझं सादरीकरण आहे. ते नापसंत झालं तर शिष्यवृत्ती थांबते.

मॅडमनी माझे कागद पाहिले, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला. "तुमच्या या दोन गावांत सोयरीक होत नाही का गं?"

"होते की, भरपूर."

"असं?" म्हणून त्या चहा प्यायला लागल्या. मला वाटलं, काहीतरी तांत्रिक सुचवतील. मी निराश होऊन निघाले. मिहिर म्हणाला, "दोन्हीकडची माणसं एक आहेत का हे नावावरून जुळवणारा प्रोग्रॅम मी चालवला होता. एकही बाई जुळली नाही." म्हणजे तोही रस्ता बंद.


२५ जानेवारी, शनिवार

आज आईचं हळदीकुंकू. दहिसरची मामी आली. दारातूनच ओरडली, "जानक्या, कशी आसस गो?"

मामाकडे आईला जानकी म्हणतात. लहानपणापासून ऐकत आलेय. इथे ती नंदा. लग्नात अण्णांनी तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं, ते हे. मी वाणाचे डबे वाटत होते आणि हातातला डबा तसाच राहिला. शेजारच्या काकूंना मी विचारलं, "काकू, तुमचं माहेरचं नाव काय?" त्या लाजल्या. "शकु. आता कोण म्हणतंय!" दुसऱ्या म्हणाल्या, "माझं रुक्मिणी." तिसऱ्या, "मला आठवायला लागेल."

आपल्याकडे बाई बोहल्यावर चढली की तिचं नाव बदलतं, बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं. पूर्ण नावातला एकही शब्द जुना राहत नाही. मग बिचारा प्रोग्रॅम काय जुळवणार? दहिसरच्या "लग्न होऊन गेलेल्या" बहिणी भांडुपला सुना होऊन बसल्या होत्या! एकाच बाईला आम्ही दोन बायका मोजत होतो.

मी मामीला बाजूला घेऊन विचारलं, "मामांची रंगांची तपासणी झाली?"

"झाली तर! तो मिहिर नावाचो पोरगो इल्लो. ह्येंका एक आकडो दिसलो नाय. म्हणतत, पुस्तकच खराब आसा." मामी हसून लोटपोट. "अगो, आमच्या घोवाक अजून पिकलेलो टमाटो कळना नाय!"

आईसुद्धा हसली. "आमच्या माहेरच्या पुरुषांना भाजी आणता येतच नाही." मग एकदम उठून चहा ठेवायला गेली.

हळदीकुंकवात रडू नये म्हणतात, मी आनंदाने रडले. बायकांना वाटलं माझं लग्न ठरलं.


२७ जानेवारी, सोमवार

मॅडमना सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की शेजारच्या खोलीतले सर डोकावून गेले. त्यांना आधीच माहीत होतं का? असतं तर आठवडा वाया का घालवू दिला असता? नसणारच.

त्यांनी ज्या बायकांची परवानगी होती त्यांची दोन्ही नावं कपाटातून काढून जुळवली. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "माझाच आकडा ना? मग बघ की." द-४१ आणि भां-१७ ही एकच बाई निघाली. आई. सासरच्या नोंदीत तिची शक्यता नाममात्र, तेरा-चौदा बायकांत एकीला असते तेवढी. माहेरच्या नोंदीत निम्मी. एकाच बाईची दोन भविष्यं आम्ही सांगत होतो.

दोन्ही वंशावळी जोडल्या आणि गणित लोण्यासारखं बसलं. आईचा नवा आकडा एक तृतीयांश. निम्म्यावरून उतरला तो सिद्धेशमुळे. एक मुलगा धडधाकट निघाला की आईवरचा संशय तेवढा कमी होतो.


३१ जानेवारी, शुक्रवार

झकास! समितीने टाळ्या वाजवल्या. मिहिरने आमच्या दोघांच्या वाटणीचे वडापाव घेतले आणि दोन्ही मलाच दिले.


२ फेब्रुवारी, रविवार

आज नीट लिहायचं आहे.

सकाळी हॉलमध्ये पुस्तकाची स्पायरल तुटली. पानं पसरली. मी हाताला येतील तशी गोळा करून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. दुपारी मी आणि आई पावटे सोलत होतो. आई मध्येच खाली गेली. सिद्धेश आला. मेडिकल जवळ आलंय.

"ताई, दे जरा पुस्तक. उजळणी करतो."

"उजळणी कसली? बघायचं आणि सांगायचं."

फोल्डर मी त्याच्यापुढे उघडलं. तो सुरू झाला. "बारा. आठ. एकोणतीस. पाच."

समोर चौऱ्याहत्तर होता. मला वाटलं मस्करी करतोय. मी हसले. "सिद्ध्या, नीट बघ."

त्याने पानाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे. "आठ?"

मी फोल्डर बंद केलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"चौथीपासून. झाडाला तपकिरी पानं काढली होती. बाईंनी चित्र वर्गभर फिरवलं."

"मग हा फॉर्म कशाला भरलास?"

"तू पीएच.डी.चा कशाला भरलास?"

"मला आकडे दिसतात म्हणून."

हे बोलायला नको होतं. त्याचा चेहरा उतरला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "सिग्नल मला कळतात गं. वरचा कुठला, खालचा कुठला, सगळं पाठ आहे."

"आणि लांबून एकच दिवा दिसला तर?"

 एवढ्यात आई आली. आम्ही दोघं पावटे सोलायला लागलो.


३ फेब्रुवारी, सोमवार

पूर्ण गावाला तपासलं. हिरवे टोमॅटो माझ्याच घरात येत होते.


६ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं. मी घरी तपासणी केली हेसुद्धा. वाटलं, रागावतील. त्यांनी फाइल उघडली. भां-१८ समोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं.

"इतक्या भरभर कोणी वाचत नाही, श्रुतिका. पहिल्याच दिवशी खूण केली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू त्याच्याकडे बघतच नव्हतीस, निकालाकडे बघत होतीस. मी बोलले असते तर माझ्याकडे बघितलं असतंस." मग म्हणाल्या, "आता त्याला काय करायचं ते सांगू नकोस. त्याला काय हवंय ते विचार."

विचारायचं ठरवून मी संध्याकाळी त्याच्या कामावर गेले. मुलुंडला एका टॉवरची लिफ्ट बंद होती. तो अगदी वर, मशीनच्या खोलीत, हातभर ग्रीस लावून बसला होता. मला बघून दचकला.

"लिफ्ट बंद आहे. चढून आलीस?"

"मग काय उडून?"

हात पुसून तो मला गच्चीच्या कठड्यापाशी घेऊन गेला. खाली रेल्वेचे रूळ दिसत होते.

"तो लांबचा सिग्नल बघ. तुला काय दिसतंय?"

"लाल."

"मला दिवा. नुसता दिवा. त्या दिवसापासून रोज कुठल्या ना कुठल्या गच्चीवरून बघतोय. गाडी थांबली की मला कळतं, तो लाल होता."

थोडा वेळ आम्ही दोघं गाड्या बघत होतो. मी मॅडमनी सांगितलेलं विचारलं, "तुला काय हवंय?"

"हवी तर नोकरीच आहे गं. दोन वर्षं घासलीत. पण मागे एवढी माणसं बसवून मी अंदाजपंचे गाडी नाही चालवणार."

"मग मेडिकलला जाऊच नको. अण्णांना मी सांगते, तारीख चुकली म्हणून..."

"जाणार. आणि दिसेल तेच सांगणार." त्याने पाना उचलला. "अण्णांना 'घाबरून गेला नाही' सांगायचं नाहीये. 'गेला आणि खरं बोलला' सांगायचंय. तू मध्ये पडू नको, कळलं?"

मी मान डोलावली. त्याने पंधरा मिनिटांत लिफ्ट चालू केली आणि मला खाली सोडलं.


११ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांनी आज सुट्टी टाकली होती. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून दारात. मी घरून काम करतेय असं सांगून घरीच राहिले आणि एक ओळही काम केलं नाही.

तीनच्या सुमाराला सिद्धेश आला. चप्पल काढली, पाणी प्यायला आणि अण्णांसमोर खाली बसला.

"अण्णा, मी नापास झालो. मला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. कधीच दिसला नाही. डॉक्टरांनी पुस्तक दाखवलं. त्यातले आकडे मला पाठ होते, ते बोललो असतो तर कदाचित निघालो असतो. मी म्हटलं, ठिपके दिसतात."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.  अण्णा गेटवर अनोळखी माणसाकडे बघतात तसे त्याच्याकडे बघत होते. मी तोंड उघडणार होते, पण कबूल केलं होतं.

शेवटी अण्णांनी आपल्या शर्टाला हात लावला. "हा कसा दिसतो तुला?"

"कसातरी मळकट."

"अरे, नवा आहे! हिरवा!"

"असेल. मी कुठे नाही म्हणतो?"

"आणि आईची साडी?"

"तुमच्या शर्टासारखीच."

आईची साडी लाल होती. अण्णा आधी गडबडले, मग हसू आवरेना. "म्हणजे तुझ्या लेखी आम्ही दोघं मॅचिंग?"

मग जे सुरू झालं ते संध्याकाळ होईपर्यंत. अण्णा घरातली एकेक वस्तू आणून विचारत होते, ही कशी दिसते, ती कशी दिसते. मिरच्या झाल्या, कुंकवाचा करंडा झाला, कॅलेंडर झालं. समोरचे काका आले, त्यांची नातवंडं आली. "मोटरमन, माझी टोपी सांग!" सिद्धेश इतका हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. काकांनी मध्येच विचारलं, "पण मग आता रे पुढे?"

"पुढे काय, लिफ्ट आहे ना. तिला वर आणि खाली, एवढंच. लाल-हिरवं नाही."

"पण पेढे खाल्ले ना आम्ही," काका अण्णांना म्हणाले.

"खरं बोलून आलाय पोरगा. त्याचे समजा." अण्णा ताडकन म्हणाले. मग उठून मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

सगळे गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. सिद्धेश शेजारी येऊन बसला. "माझी खोटी नोंद काढतेस?"

"काढतेय. खरी घालतेय."

"मी घालू?"

मॅडमची परवानगी विचारायला हवी होती, मान्य. पण मी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. त्याने "उत्तम" खोडून "रंगांधळा" टाइप केलं आणि बटण दाबलं. आईच्या नोंदीसमोर इतके दिवस एक तृतीयांश होता. तो बदलून एक झाला.

"आई, तुझा आकडा एक झाला."

आई पदराला हात पुसत आली. "एक म्हणजे?"

"म्हणजे शंका उरली नाही. सिद्धेशला हे तुझ्याकडूनच आलंय. आजीकडून तुला, तुझ्याकडून त्याला."

मला वाटलं तिला वाईट वाटेल. मी घाईघाईने सांगायला लागले की यात कुणाचा दोष नसतो. तिने माझं ऐकलंच नाही. सिद्धेशच्या केसांत हात घातला आणि अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"नाक ह्यांचं, उंची ह्यांची, राग ह्यांचा. चोवीस वर्षं ऐकतेय, पोरगा बापावर गेला. चला, काहीतरी जानकीचं निघालं."